गादीवर झाकलेले दुखणे

व्यापारी घरांत आजारांनाही प्रतिष्ठा असते. साखर, रक्तदाब, गुडघे ही दुखणी चारचौघांत सांगता येतात. लग्नाच्या पंगतीत त्यांच्यावर चर्चा रंगते, कोणती गोळी कोणत्या वेळी घ्यावी याचे सल्ले दिले-घेतले जातात. हृदयावरची शस्त्रक्रिया तर काही घरांत दागिन्यासारखी मिरवली जाते. परंतु कंबरेखालच्या दुखण्यांना हा मान नाही. मूळव्याध, लघवीची तक्रार आणि हर्निया ही ती वाळीत टाकलेली मंडळी. ज्या घरात पैशापैशाचा हिशेब रोजमेळात उतरतो, त्याच घरात कर्त्या पुरुषाच्या जांघेतील गाठ दहा-दहा वर्षे कोणत्याच वहीत नोंदली जात नाही.

जुईनगर आणि नेरूळ यांच्यामध्ये, सायन-पनवेल महामार्गाला लागून शिरवणे आहे. एका अंगाला जुने आगरी गावठाण, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहतीचे गाळे, आणि रस्त्याच्या कडेने गाड्यांची चकचकीत दालने. तेथे हार्डवेअरचे दुकान चालविणारे एक गृहस्थ आहेत. घराणे मूळचे नगरकडचे. गिऱ्हाईक त्यांना शेठ म्हणते, म्हणून येथेही शेठच म्हणावे. रंगाचे डबे, खिळे, नळ, पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यात त्यांचे आयुष्य गेले. दुकान नवे होते तेव्हा हमाल परवडत नसे. वीस लिटरचा रंगाचा डबा उचलून फळीवर ठेवणे, लोखंडी पाइपांची जुडी टेम्पोतून उतरवणे ही कामे ते स्वतःच करीत. पंचावन्नाव्या वर्षी उजव्या जांघेत बोरासारखा फुगवटा आला. खोकला आला की तो बाहेर येई, आडवे झाले की आत जाई. शेठनी कोणाला काही सांगितले नाही. औषधांच्या दुकानातून पट्टा आणला आणि धोतराऐवजी पँट वापरतो त्याचा एक तरी फायदा झाला, असे मनाशी म्हणून तो पँटीखाली बांधला.

बोराचे लिंबू झाले, लिंबाचे मोसंबे झाले. त्यांचे वय अडुसष्ट झाले तेव्हा ती गाठ वृषणकोशापर्यंत उतरली होती. परंतु शेठना छळणारी गोष्ट वेगळीच होती. त्यांना लघवी दोनदा करावी लागे. एकदा जाऊन आले की पाच मिनिटांत पुन्हा तीच भावना. पुढे त्यांना एक युक्ती सापडली. पहिली लघवी झाली की हाताने ती गाठ वर दाबायची, म्हणजे उरलेली धारही येते. ही युक्ती त्यांनी तीन वर्षे वापरली. गाठ आणि लघवी यांचा काही संबंध आहे हे त्यांचा हात रोज सांगत होता. तरी प्रोस्टेट वाढले असेल, वयाप्रमाणे होणारच, यापलीकडे त्यांनी विचार नेला नाही.

दुकानाला स्वच्छतागृह नव्हते. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक होते, तेथे जायचे म्हणजे गल्ला सोडून जायचे. त्यामुळे सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी जेवायला जाईपर्यंत लघवी धरून बसण्याची सवय त्यांना चाळीस वर्षांची होती. गादीवर बसणाऱ्या किती माणसांना ही सवय असते, ते ज्याचे त्याने आठवावे. सुश्रुतसंहितेत वृद्धी नावाच्या रोगाचे सात प्रकार दिले आहेत, त्यांतील मूत्रजवृद्धी ही लघवी अडवून धरण्याची सवय असणाऱ्यास होते असे सांगितले आहे. आजचे अभ्यासक त्या वर्णनाचा संबंध सहसा अंडकोशात पाणी साचण्याच्या विकाराशी लावतात, आणि तेच योग्य दिसते. त्या ओळींत आजचा सारा हर्निया शोधू नये. तरी मूत्राचा वेग अडवू नये, ही गोष्ट त्या काळच्या वैद्यांनीही नोंदवावीशी वाटली, एवढे मात्र खरे.

हा प्रकार उघड झाला तो शेठच्या पत्नीमुळे. बायकांना घरातील आवाज कळतात. मोरीचा नळ एकदा बंद होऊन पुन्हा किती वेळाने सुटतो, हे त्या माउलीच्या कानांनी तीन वर्षे मोजले होते. शेवटी त्यांनी मुलाला सांगितले, “तुझ्या पप्पांना काहीतरी होतंय. ते मला सांगणार नाहीत, तुलाही सांगणार नाहीत. तू डॉक्टरांकडे घेऊन जा, मग तेच विचारतील.” मुलाने साखर तपासण्याचे निमित्त काढले आणि नेरूळमधील एका सर्जनपुढे नेऊन बसविले.

सर्जनने गाठ तपासली, खोकायला लावले, उभे केले, आडवे केले. नंतर मुलाला बाहेर थांबायला सांगून एकच प्रश्न विचारला.

“शेठ, गाठ दाबल्यावर पुन्हा लघवी होते का?”

शेठ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्हाला कसं कळलं?”

जांघेतील हर्नियात बहुधा आतडे किंवा पोटातील चरबी उतरलेली असते. आतडे उतरले असे लोक म्हणतात ते त्यामुळेच. परंतु क्वचित त्या वाटेने मूत्राशयही उतरते. शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत जांघेतील हर्नियांपैकी १ ते ४ टक्क्यांत मूत्राशयाचा भाग सापडतो असे दिले जाते. पन्नाशी ओलांडलेल्या स्थूल पुरुषांत हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत जाते. मूत्राशय पार वृषणकोशापर्यंत उतरण्याच्या प्रकाराला १९५१ मध्ये लेव्हाइन या डॉक्टरांनी स्वतंत्र नावही दिले. गाठ दाबून लघवी पुरी करणे ही त्याची जुनी, पुस्तकात लिहिलेली खूण आहे. शेठनी जी युक्ती स्वतःची म्हणून जपली होती, ती जगभरच्या असंख्य वृद्धांना आपापल्या मोरीत एकट्यानेच सापडलेली आहे.

सर्जनने कारण समजावून सांगितले ते शेठच्याच दुकानातील भाषेत. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेटची ग्रंथी असते. ती वाढली की पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद झाल्यासारखे होते. पाणी बाहेर पडायला जोर लावावा लागतो. तो जोर वर्षानुवर्षे लागत राहिला की मूत्राशयाची भिंत सैल पडते, आणि पोटाची भिंत जेथे कच्ची असेल तेथून तिचा एक कोपरा बाहेर सरकू लागतो. त्यात ओझी उचलल्याने जांघेची भिंत आधीच कच्ची झालेली. “लाइनमध्ये प्रेशर वाढलं की पाइप कुठे फुगतो?” सर्जनने विचारले. “जिथे जोड कमजोर असतो तिथे,” शेठ म्हणाले. त्या क्षणापासून त्यांना आपला आजार आपल्या धंद्यातला वाटू लागला आणि त्यांची भीती थोडी कमी झाली.

सोनोग्राफी झाली. तीत उजव्या जांघेत पाण्याने भरलेली पिशवी दिसली. लघवी केल्यावर ती लहान झाली. प्रोस्टेट मोठे होते. येथवर खर्च फारसा झाला नव्हता. मग सर्जनने सी. टी. स्कॅन लिहून दिला आणि घरात वाद सुरू झाला.

वाद पैशांचा नव्हता असे म्हणणे खोटे होईल. स्कॅनला काही हजार रुपये लागणार होते. परंतु व्यापाऱ्याच्या मनात त्याहून मोठी शंका असते ती वस्तू दोनदा विकत घेण्याची. “सोनोग्राफीत दिसलं आहे. डॉक्टरांना माहीत आहे. मग तेच पुन्हा पाहायला एवढे पैसे कशाला?” शेठचा हा प्रश्न रास्त होता, आणि तो राग न धरता विचारला तर कोणत्याही चांगल्या डॉक्टरला त्याचे उत्तर देता येते.

उत्तर असे होते. मूत्राशय उतरले आहे हे कळणे एक, आणि ते किती उतरले, कोणत्या वाटेने उतरले, त्यासोबत आणखी काय उतरले हे कळणे वेगळे. मूत्राशयाचा पुढचा खालचा भाग पोटाच्या आतल्या पडद्याने झाकलेला नसतो. म्हणून तो कधी हर्नियाच्या पिशवीत असतो, कधी पिशवीच्या शेजारून सरकतो, आणि कधी पिशवी नसतानाच चरबीत गुंडाळलेला येतो. शस्त्रक्रिया करताना सर्जनला समोर दिसते ती चरबी आणि पातळ पडदे. त्यांतला कोणता पडदा हर्नियाचा आणि कोणती भिंत मूत्राशयाची, हे डोळ्यांना सहज कळत नाही. पिशवी समजून कात्री लावावी आणि लघवी वाहू लागावी, असे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदवले गेले आहेत. एका नेहमी दिल्या जाणाऱ्या आकड्याप्रमाणे अशा हर्नियांपैकी ७ टक्क्यांहूनही कमी शस्त्रक्रियेपूर्वी ओळखले जातात. बहुतेक टेबलावर उमगतात. काही तर शस्त्रक्रियेनंतर, लघवीत रक्त येऊ लागल्यावर किंवा पोटात लघवी झिरपू लागल्यावर. मूत्राशयाला छेद गेला तरी तो लगेच लक्षात आल्यास दोन थरांत शिवता येतो आणि आठ-पंधरा दिवस नळी ठेवून भरूनही येतो. लक्षात आला नाही तर मात्र साधी म्हणून केलेली शस्त्रक्रिया रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट सर्जनने मुलाजवळ वेगळी बोलून दाखविली. शेठच्या रक्तातील क्रिएटिनिन किंचित वाढलेले होते. मूत्रपिंडांपर्यंत ताण पोहोचला आहे की काय, हे पाहणे आवश्यक होते. मूत्रपिंडांचे दुखणे पुष्कळदा दुखतच नाही. कुरकुर न करता बसलेल्या नोकरासारखी ती एके दिवशी काम सोडून देतात.

सी. टी. स्कॅनच्या यंत्राचा जन्म ज्या कंपनीत झाला, तिचे नाव जुन्या पिढीच्या कानांना अनोळखी नाही. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या ज्या समूहाच्या होत्या, ती ईएमआय ही ब्रिटिश कंपनी. घराघरांतील ग्रामोफोनवर नाट्यपदे वाजविणाऱ्या या व्यवसायात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड नावाचे अभियंते काम करीत होते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. बंद पेटीत काय आहे, हे पेटी न उघडता, सर्व बाजूंनी किरण सोडून आणि पलीकडे किती किरण पोहोचले त्याची मोजणी करून सांगता येईल, हा विचार त्यांना १९६७ च्या सुमारास सुचला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात मेंदूच्या गाठीची शंका असलेल्या एका स्त्रीवर या यंत्राचा पहिला प्रयोग झाला आणि गाठ चित्रात दिसली. ज्यांनी या मोजणीचे गणित स्वतंत्रपणे आधीच मांडले होते ते दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले अ‍ॅलन कॉर्मॅक आणि हाउन्सफिल्ड या दोघांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

हाउन्सफिल्ड यांच्या नावाचे एक माप आजही प्रत्येक स्कॅनमध्ये वापरले जाते, आणि ते एखाद्या काट्यासारखे सरळ आहे. पाणी म्हणजे शून्य. हवा उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास. हाडे काहीशे अधिकच्या बाजूला. चित्रातील प्रत्येक ठिपक्याला असा आकडा असतो. म्हणून जांघेतील गोळ्यावर बोट ठेवून तज्ज्ञ सांगू शकतो: येथे हवा आहे, तर हे आतडे, येथे उणे आकडा आहे, तर ही चरबी, आणि येथे शून्याच्या जवळचा आकडा आहे, म्हणजे हे पाण्यासारखे काही. ते पाणी अंडकोशात साचलेले साधे पाणी की मूत्राशयातील मूत्र, हा शेवटचा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर औषध देते. आयोडीनयुक्त द्रव शिरेतून दिला की तो मूत्रपिंडांवाटे लघवीत उतरतो आणि काही मिनिटांनी मूत्राशय चित्रात पांढरे शुभ्र उजळते. जांघेतील पिशवीही त्याबरोबर उजळली आणि मूत्राशयाला सलग जोडलेली दिसली, तर शंकेला जागा उरत नाही. जेथे याने भागत नाही तेथे नळीवाटे पातळ केलेले हेच द्रव थेट मूत्राशयात भरून स्कॅन करतात.

स्कॅनची वेळ केंद्राने संध्याकाळी सातची दिली होती. शेठचा वीस वर्षांपासून चौविहार. इंजेक्शननंतर पाणी भरपूर प्यावे, म्हणजे द्रव लवकर बाहेर पडतो, अशी सूचना कागदावर छापलेली. सुनेने ती वाचली, दिनदर्शिकेत सूर्यास्त पाहिला आणि केंद्राला फोन करून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ मागून घेतली. ती विनातक्रार मिळाली. नवकारसीनंतर उकळलेले पाणी पिऊन, सांगितल्याप्रमाणे चार तास अन्न न घेता शेठ गेले, आणि स्कॅननंतर सूर्यास्तापर्यंतचा सारा दिवस पाण्यासाठी मोकळा राहिला. अशी अडचण असेल तर ती वेळ ठरवितानाच सांगावी. केंद्रातील मंडळींना दिवसाच्या वेळा देण्यात काही अवघड नसते. मूत्रपिंडांचे कार्य मंद असेल तर द्रवाचे प्रमाण, काही मधुमेहाच्या गोळ्या थांबविणे आणि पाणी किती प्यावे हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. पूर्वी कधी असे इंजेक्शन बाधले असेल तर तेही आधी सांगितले पाहिजे.

यंत्र म्हणजे एक मोठे उभे चाक आणि त्यातून सरकणारी अरुंद फळी. इंजेक्शन शिरेत गेले तसे शेठच्या अंगातून ऊन लाट गेली, तोंडात धातूची चव आली, आणि आपल्याला कपड्यांतच लघवी झाली असे वाटून ते शरमेने गोठले. पलीकडच्या खोलीतून तंत्रज्ञाचा आवाज आला, “आजोबा, झालं असं वाटतंय ना? काही झालेलं नाही. सगळ्यांना तसंच वाटतं.” चाळीस वर्षे या विषयावर अवाक्षर न काढलेल्या माणसाला एका अनोळखी मुलाने काचेपलीकडून हे सांगावे, याचे शेठना पुढे फार हसू येई. काही मिनिटे थांबून त्यांना पालथे झोपविले, श्वास रोखून जोर करायला सांगितले आणि पुन्हा चित्रे घेतली. पालथे झाल्याने आणि जोर केल्याने जे उतरायचे ते पुरते उतरते. उताणे असताना काही गाठी आत सरकून लपतात.

दुसऱ्या दिवशी सर्जनने संगणकावर चित्रे दाखविली. मूत्राशय एरवी लिंबाच्या घाटाचे दिसते. शेठचे मूत्राशय उजवीकडे खाली ओढले गेले होते आणि त्याचे टोक थेंबासारखे लांबून जांघेच्या फटीतून वृषणकोशाकडे गेले होते. सुमारे एकतृतीयांश भाग बाहेर होता. आतडे नव्हते. पिशवीत खडा नव्हता, भिंतीवर गाठ नव्हती; साचलेल्या मूत्रात या दोन्ही गोष्टी होऊ शकतात म्हणून त्या मुद्दाम पाहतात. परंतु वर, पाठीकडे, दोन्ही मूत्रपिंडांच्या नळ्या थोड्या फुगलेल्या होत्या. ताण वरपर्यंत पोहोचला होता. आणखी एक बारीक नोंद होती: डाव्या जांघेतही एक लहान फट, तीत केवळ चरबी.

“अजून दोन-तीन वर्षं गेली असती तर?” मुलाने विचारले. सर्जनने फुगलेल्या नळ्यांवर कर्सर ठेवला आणि उत्तर दिले नाही.

क्रम बदलला तो येथे. सोनोग्राफीनंतर घरातील सर्वांची समजूत अशी होती की हर्नियाची शस्त्रक्रिया करावी, प्रोस्टेटचे पुढे पाहू. स्कॅननंतर सर्जनने मूत्रविकारतज्ज्ञांशी बोलून आधी प्रोस्टेट घेतले. पुढचा व्हॉल्व्ह तसाच अडलेला ठेवून मागचा जोड बांधला तर दाब कमी होणार नाही, आणि बांधलेला जोड पुन्हा सुटेल. शेठला हे समजावून सांगावे लागले नाही. दुर्बिणीतून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. लघवीची धार इतकी मोकळी झाली की पहिल्या दिवशी त्यांनी पत्नीला हाक मारून तिचा आवाज ऐकवला. सहा आठवड्यांनी हर्नियाची.

या मधल्या सहा आठवड्यांत शेठनी जे प्रश्न विचारले ते जैन घरांत बहुतेक विचारले जातात आणि डॉक्टरांच्या खोलीत मात्र बहुतेक विचारले जात नाहीत. जाळी कशाची असते? टाके कशाचे? कॅटगट नावाचा विरघळणारा दोरा जनावरांच्या आतड्यापासून बनतो हे त्यांनी कोठेतरी ऐकले होते, आणि ते खरे आहे. त्याऐवजी कृत्रिम विरघळणारे दोरे कधीचेच उपलब्ध आहेत. बहुतेक रुग्णालये आता तेच वापरतात, परंतु विचारल्याशिवाय गृहीत धरू नये. हर्नियाची नेहमीची जाळी पॉलिप्रोपिलीन या कृत्रिम धाग्याची असते. डुकराच्या वा गाईच्या ऊतींपासून केलेल्या जाळ्याही असतात. त्या महाग असून निराळ्या कारणांसाठी वापरल्या जातात. औषधांच्या कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, तेथे गोळी किंवा द्रव मागता येतो. सर्जनने ही सगळी यादी शांतपणे लिहून घेतली. जिवावरची वेळ असेल तेव्हा निर्णय वेगळा होईल, एवढे त्याने स्पष्ट सांगितले आणि शेठनी ते मान्य केले.

जाळीवरून आठवण होते ती धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाची. तेथील सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या आयात जाळीऐवजी मच्छरदाणीच्या कापडाचा निर्जंतुक केलेला तुकडा वापरून हर्निया शिवायला सुरुवात केली आणि सहकाऱ्यांसह २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही रुपयांचे कापड हजारोंच्या जाळीचे काम करते, हे ऐकून मोठ्या शहरांतील मंडळींनी आधी भुवया उंचावल्या. २०१६ मध्ये युगांडात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले, तेव्हा स्वस्त जाळी आणि महाग जाळी यांत रुग्णाच्या दृष्टीने म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जाळीच वगळली. रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूवरील चिवट आवरणाची पट्टी वापरून कच्ची भिंत पक्की करण्याचा त्यांचा मार्ग जगात पुष्कळ ठिकाणी वापरला गेला. आपल्याच मातीतील या दोन कामांची माहिती व्यापारी घरांत फार थोड्यांना असते.

शेठची शस्त्रक्रिया कंबरेखालचा भाग बधिर करून झाली. आधी लघवीची नळी घातली, तीतून मूत्राशयात थोडे सलाइन भरले, म्हणजे त्याची कड फुगून ओळखू येते. स्कॅनचे चित्र समोर लावलेले होते. मूत्राशय न कापता, न शिवता, चरबीतून सोडवून जागेवर ढकलले आणि भिंतीला जाळीचा आधार दिला. मूत्राशयाचा भाग कापण्याची वेळ क्वचितच येते. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असेल किंवा त्यात गाठ असेल तरच. शेठच्या बाबतीत स्कॅनने ते आधीच नाकारले होते. पाचव्या दिवशी नळी निघाली.

एवढे वाचून प्रत्येक हर्नियाला स्कॅन मागायला जाऊ नये. जांघेतील बहुतेक हर्निया अनुभवी सर्जनच्या हाताला कळतात. हर्नियाच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. शंका असेल तर आधी सोनोग्राफी, कारण तीत किरणोत्सर्ग नाही. पोट आणि ओटीपोटाच्या एका स्कॅनमध्ये मिळणारा किरणोत्सर्ग साधारणपणे माणसाला निसर्गातून सुमारे तीन वर्षांत मिळतो तेवढा असतो. अडुसष्टाव्या वर्षी, योग्य कारणासाठी, तो हिशेब फायद्याचाच आहे. पंचविशीतल्या मुलाच्या साध्या गाठीसाठी तो तसा नाही. पुरुष पन्नाशीपुढचा असेल, प्रोस्टेटचा त्रास असेल, गाठ मोठी असेल, लघवी दोन हप्त्यांत होत असेल किंवा लघवीनंतर गाठ लहान होत असेल, तर ही गोष्ट सर्जनला आपणहून सांगितली पाहिजे. स्कॅन हवा की नको ते त्यानंतर ठरते. न सांगितलेले कोणत्याच यंत्राला दिसत नाही, कारण यंत्रापर्यंत माणूस पोहोचतच नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली. मूत्रपिंडांच्या नळ्यांची सूज उतरली होती, क्रिएटिनिन खाली आले होते. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात शेठनी स्वतःच्याच मालातून एक लहान स्वच्छतागृह बांधून घेतले. नोकरांनाही तेथे जाण्याची मुभा आहे. डाव्या जांघेतील फट तशीच आहे. त्रास देत नाही तोवर थांबायला हरकत नाही, असे सर्जनचे मत. मुलाला ती लगेच शिवून टाकायची आहे. शेठ म्हणतात, दिवाळीचा रंगाचा सीझन जाऊ दे. रंगाचे डबे मात्र आता पोरे उचलतात, आणि डावी बाजू कशी आहे असे पत्नीने विचारले की ते उत्तर देतात.